पानावर जाऊ नका, पत्ता बघा

मारांडी ओळखायला सोपी, असे खारफुटीवरच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. खाडीकाठचे कंबरेएवढे किंवा फार तर डोक्याएवढे झुडूप, जाड चकचकीत पाने, पानांच्या कडेला टोचणारे काटे, निळीजांभळी फुले. एवढ्या भांडवलावर माणूस खाडीवर जातो आणि पहिल्याच जाळीपाशी अडतो. निम्म्या फांद्यांची पाने चित्रातल्यासारखी काटेरी असतात, उरलेल्या निम्म्यांवर सरळ कडेची, गुळगुळीत, काट्याचा मागमूसही नसलेली पाने असतात. ही दोन झुडपे एकमेकांत मिसळली आहेत का? खाली वाकून, चिखलात हात घालून फांदी मुळाशी नेली की उलगडा होतो. बुंधा एकच आहे. उन्हात आलेली फांदी काटेरी, तिवराच्या सावलीत राहिलेली बिनकाट्याची.

मारांडीच्या बाबतीत पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट हीच. ज्या खुणेवर सगळे बोट ठेवतात ती सगळ्यात बेभरवशाची आहे. रखरखीत उन्हात आणि खाऱ्या चिखलात पानाची कड खोल कातरली जाते, प्रत्येक दात्याच्या टोकाला काटा येतो आणि पान असे मुरडते की एक दाता वर तर दुसरा खाली. सावलीत किंवा गोड्या पाण्याच्या अंगाला वाढलेल्या झुडपावर हेच दाते बोथट होत जातात, कधी पार नाहीसे होतात. लिनियसने 1753 साली या झुडपाला अॅकँथस इलिसिफोलियस असे शास्त्रीय नाव दिले तेही पानावरूनच. नाताळात युरोपात दारोदारी टांगतात त्या हॉलीसारखे पान, असा त्याचा अर्थ. त्याच्यापर्यंत काटेरी नमुन्याचे वर्णन पोचले आणि तेच कायम चिकटले.

म्हणून मारांडी ओळखताना मी पानावर शेवटी येतो. आधी पत्ता, मग पेरे, मग फूल.

पत्ता म्हणजे नेमके काय हे बघायचे तर वाशिष्ठीच्या खाडीइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही. दाभोळला खाडीच्या तोंडाशी सुरुवात करावी. तिथे वाळू आहे, कातळ आहे, लाटेचा मार आहे. वाळूवर झुडपे दिसतात, पण ती निर्गुडीची, केवड्याची, भद्राक्षाची. त्यांत मारांडी शोधण्यात वेळ घालवू नये. मारांडीला वाळू चालत नाही, कातळही चालत नाही. तिला चिखल लागतो, पाय रुतला की चप्पल परत न देणारा. होडी आत शिरली, लाट मंदावली की काठ बदलतो. कांदळ दिसू लागते, पाण्यात कमानीसारखी मुळे टाकून उभे. त्याच्या आगेमागे पांढरी चिप्पी, 2020 साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जिला मान दिला ती. मग तिवर, चिखलातून बोटाएवढी श्वसनमुळे वर काढून. इथपर्यंत मारांडी तुरळक, तिवराच्या पायथ्याशी एखाददुसरी.

जसजसे वर जावे तसतसा खाडीचा खारटपणा उतरत जातो. भरतीचे पाणी चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत पोचते, पण ते तिथे पोचेतो नदीच्या पाण्यात मिसळून मचूळ झालेले असते. खाडीच्या या मधल्या आणि वरच्या टप्प्यात मारांडीचे खरे राज्य. काठाच्या उताराला लागून तिची सलग पट्टी दिसते, माणूस आत शिरू शकणार नाही इतकी दाट. (वाशिष्ठीत मगरी आहेत, चिपळूणच्या बाजूला पर्यटकांना होडीतून त्या मुद्दाम दाखवतात. तेव्हा झुडूप बघायला काठावर उतरण्याआधी होडीवाल्याला विचारावे. त्याला तिचे शास्त्रीय नाव ठाऊक नसेल, पण कुठे उतरायचे नाही ते पक्के ठाऊक असते.)

काठावरची तिची जागाही ठरलेली आहे. रोजच्या भरतीचे पाणी जिथे बुंध्याला लागते आणि ओहोटीला पार उतरून जाते तो पट्टा तिचा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती निम्मी बुडते, भांगाच्या दिवसांत तिच्या मुळाशी फक्त ओल राहते. खाडीच्या मुख्य पात्रापेक्षा आत शिरणाऱ्या नाळींचे काठ तिला जास्त आवडतात. माणसाने केलेल्या जागाही तिने आपल्याशा केल्या आहेत. रायगडात खारजमिनीच्या बांधाला बाहेरच्या अंगाने, विशेषतः उघाडीच्या आसपास जिथे शेतातले गोडे पाणी खाडीत सुटते तिथे, ती हटकून असते. गोव्यात हीच उघाडी मानस होते आणि खाजन शेतीच्या बांधांवर मानशीच्या दोन्ही हातांना हेच झुडूप भेटते. तिथे तिला निवगूर म्हणतात. बंगालच्या सुंदरबनात ती हरगोजा आहे. भारत-श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत चिखल आणि मचूळ पाणी जिथे एकत्र येते तिथे ती आहेच.

पत्ता जुळला की खोडाकडे वळावे. मारांडीचे खोड झाडासारखे ताठ उभे राहत नाही. ते हिरवे, जाडसर, गोल असते, थोडे वर जाते, मग स्वतःच्याच भाराने कलते आणि चिखलाला टेकते. टेकले की पेऱ्यातून मुळे फुटतात. जुन्या बुंध्यापाशी तर खालच्या पेऱ्यांमधून आधारमुळे निघून चिखलात रोवलेली दिसतात. एका झुडपाची जाळी होते ती अशी, लोळत लोळत. तिवरासारखी वर डोकावणारी श्वसनमुळे मात्र तिला नसतात. पाने समोरासमोर येतात, एक जोडी उगवती-मावळतीला तर तिच्या वरची दक्षिणोत्तर. वीतभर लांबीचे पान, देठ आखूड. आणि पान जिथे खोडाला लागते त्या पेऱ्यापाशी बहुधा काट्यांची एक छोटी जोडी असते. पानाची कड गुळगुळीत असली तरी ही जोडी पुष्कळदा टिकून राहते. बिनकाट्याच्या फांदीवर शंका आली तर अंगठ्याने पेरे चाचपून बघा. सावकाश चाचपा.

यानंतर एक गंमत भर दुपारीच बघायची. मार्च-एप्रिलचे ऊन, ओहोटी, वारा पडलेला. पान उन्हात तिरपे धरले की त्यावर बारीक चकाकी दिसते. साधे दहापट भिंग लावले तर ती चकाकी सुटी सुटी होते. घन कडांचे, रवाळ, पारदर्शक मिठाचे कण, शिरांच्या बाजूच्या खळग्यांमध्ये जरा जास्त दाटलेले. जिभेचे टोक लावले तर शंकेला जागाच उरत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. एवढ्या मिठात साधे झाड मरते, कारण मुळांना पाणी आत ओढताच येत नाही, उलट आतले बाहेर जायला बघते. खारफुटीच्या झाडांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले आहेत. कांदळ मुळांच्या दाराशीच बहुतेक मीठ अडवते. मारांडीची रीत निराळी. थोडेफार मीठ आत आले तर येऊ दे, नंतर पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींतून ते बाहेर टाकायचे. तिवर आणि काजळा हेच करतात. वारा आणि पाऊस पुढचे काम उरकतात. त्यामुळे पावसाळ्यात कोणी मारांडीचे पान चाटून म्हणाले, की खारट कुठे लागते, तर तोही बरोबर आहे.

या मिठाच्या यंत्रणेबद्दल एक गैरसमज मात्र पक्का रुजला आहे. खाडीतल्या झाडांना मीठ हवेच असते असा. मारांडीला मीठ चालते. मीठ नसले तरी चालते. रोपवाटिकेत साध्या नळाच्या पाण्यावर ती मजेत वाढते. मग ती गोड्या नदीकाठी का नाही? तिथे तिच्याहून वेगाने वाढणारी शेकडो झाडे तिला जागा देत नाहीत म्हणून. मीठ तिचे अन्न नाही, तिच्या शत्रूंना बाहेर ठेवणारे कुंपण आहे.

फुलोरा उन्हाळ्यातला. फेब्रुवारी सरता सरता फांद्यांच्या शेंड्यांवर वीतभर उभे तुरे निघतात आणि साधारण पावसाच्या तोंडापर्यंत फुलत राहतात. दुरून बघावे तर करड्या-हिरव्या चिखलात हा निळाजांभळा रंग उसना आणल्यासारखा वाटतो. फूल हातात घेऊन नीट बघण्यासारखे आहे. लांबी तीन-चार सेंटिमीटर. पहिली नजर टाकली की काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि खरोखरच राहून गेलेले असते. मारांडीच्या कुळातल्या पुष्कळ फुलांना दोन ओठ असतात, वरचा आणि खालचा. मारांडीच्या फुलाला वरचा ओठच नाही. खालचा तेवढा रुंद पसरलेला, टोकाला तीन खाचांचा, मधोमध फिकट पट्टा असलेला. पुंकेसर चार. त्यांचे दांडे हाताला लागतात तेच मुळी राठ, काडीसारखे, आणि माथ्यावरचे परागकोश केसाळ. चौघे डोकी एकत्र जुळवून उभे राहतात तेव्हा जुन्या टूथब्रशचे टोक दिसावे तसे दिसते.

ही राठ जुळणी उगीच नाही. फुलाच्या तळाशी मध आहे आणि तिकडे जायचा रस्ता या चार दांड्यांनी अडवला आहे. लहान माश्या येतात, इकडेतिकडे चढतात, परत जातात. मग मोठा काळा भुंगा येतो, लाकूड पोखरणाऱ्यांपैकी. तो खालच्या ओठावर धप्पकन उतरतो, तशी अख्खी फांदी हलते. डोके खुपसून तो दांडे बाजूला रेटतो आणि परागकोशांचे केसाळ टोक त्याच्या पाठीवर घासले जाते. पुढच्या फुलावर तो तीच पाठ घेऊन जातो. शिंजीरही या फुलांवर येतात आणि बाकदार चोच लावतात. तुऱ्याजवळ दहा मिनिटे न हलता उभे राहिले तर हे सगळे वावभर अंतरावरून दिसते. अट एकच, डास सहन करायची तयारी हवी.

फुलाच्या बुडाशी आणखी एक बारीक खूण आहे आणि ती अभ्यासकांच्या उपयोगाची आहे. प्रत्येक फुलाला खाली एक मोठे छद आणि त्याच्या आत दोन लहान छदके असतात. मारांडीची एक जवळची बहीण केरळात आणि अंदमानात आढळते, तिला ही छदके नसतात आणि फुले बहुधा पांढरी असतात. सुंदरबनात तिसरी आहे, वेलीसारखी चढणारी. महाराष्ट्र-गोव्याच्या खाड्यांत फिरणाऱ्याला या घोळात पडायची सहसा गरज नाही.

मारांडीचे कूळ मात्र आपल्या माणसाला ऐकून नवल वाटेल असे आहे. अंगणातला अडुळसा तिचा नातलग. कोरांटी नातलग. सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी कारवी नातलग. या सगळ्या कुळाला वनस्पतिशास्त्रात अॅकँथेसी म्हणतात, म्हणजे कूळ ओळखले जाते ते मारांडीच्या घराण्याच्या नावाने. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डीएनएच्या अभ्यासातून आणखी एक नाते पुढे आले. ज्या तिवराच्या सावलीत मारांडी उभी असते तो तिवरही याच कुळातला. आधी त्याला निर्गुडीच्या कुळात घालत, कोणी त्याचे स्वतंत्र कूळ मानत. एक उंच वृक्ष, एक लोळणारे झुडूप, शेजारी शेजारी वाढणारे, दोघेही पानांतून मीठ टाकणारे, आणि दोघे भाऊबंद निघावेत, हे कळायला विसावे शतक सरायची वेळ यावी लागली.

युरोपात या घराण्याची कीर्ती दगडात आहे. ग्रीक स्थापत्यात कॉरिंथियन नावाचा जो खांबांचा प्रकार आहे, त्याच्या माथ्यावर कातरलेल्या पानांचा गुच्छ कोरलेला असतो. ही पाने भूमध्य समुद्राकाठच्या अॅकँथसची. ती जात कोरड्या जमिनीवरची, मारांडी चिखलातली, पण वंश एकच. जुन्या गोव्यात सेंट कॅजेटनचे चर्च आहे, सतराव्या शतकात इटालियन धर्मगुरूंनी बांधलेले. त्याच्या दर्शनी भागावर कॉरिंथियन खांब आहेत. तिथून चालत दिवाडीच्या फेरीधक्क्यापर्यंत काही मिनिटांत जाता येते आणि मांडवीच्या काठावर त्या दगडी पानांचे नातेवाईक जिवंत, भरतीत उभे असलेले भेटतात. इतक्या लांबून आलेल्या कारागिरांची नजर काठावरच्या या झुडपाकडे कधी गेली असेल का, हा विचार तिथे उभे राहिल्यावर येतोच.

एका परदेशी माणसाची नजर मात्र नक्की गेली होती. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन र्‍हीड याने किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमहून छापून घेतला. त्यात हे झुडूप मलयाळी नावाने, पैना-शुल्ली म्हणून, चित्रासह आले आहे. ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनला राहणारे कोकणी वैद्यही होते. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. गोव्यात या झुडपाची पाने संधिवातावर शेकायला वापरत, अशीही नोंद जुन्या औषधी ग्रंथांत मिळते. वाचकाने ती नोंद म्हणूनच घ्यावी, नुस्खा म्हणून नको.

एप्रिल-मेपासून तुऱ्यावर खालून वर फळे धरू लागतात. दोन-तीन सेंटिमीटरची, लांबट, गुळगुळीत बोंडे, आधी हिरवी आणि मग तपकिरी. आत जास्तीत जास्त चार बिया, चपट्या. कारवीचे पिकलेले बोंड ज्यांनी ऐकले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. वाळलेले बोंड तडकते, दोन फाका होतात आणि आतल्या आकड्यासारख्या दांड्या बियांना उचलून फेकतात. उन्हात जाळीजवळ उभे असताना पाठीमागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि चिखलात काहीतरी चापटते. बी दोनेक मीटरवर सहज पडते. पुढची जबाबदारी भरतीची.

खारफुटी म्हटले की झाडावरच बीज रुजणे ही गोष्ट हमखास सांगितली जाते. कांदळाच्या फळातून झाडावर असतानाच वीतभर लांब कोंब लोंबतो, तिवराचेही बी सालीच्या आत आधीच रुजलेले असते. मारांडी यातले काही करत नाही. तिचे बी सुटते ते बी म्हणूनच. काही अभ्यासक तिला अस्सल खारफुटीत धरत नाहीत, सोबतीण म्हणतात, तर काही तिला निःसंकोच खारफुटी मानतात. मला विचाराल तर जे झुडूप रोज दोनदा भरती अंगावर घेते, मीठ पानांतून टाकते आणि भरतीच्या पट्ट्याबाहेर फारसे सापडत नाही, त्याला सोबतीण म्हणणे हा पंगतीतला अन्यायच आहे.

घोटाळा होण्यासारखी झाडे दोन-तीनच. पिवळा धोतरा बांधावर असतो आणि त्याची पानेही काटेरी असतात, पण ती एकाआड एक येतात, त्यांवर पांढऱ्या रेघा असतात, तोडले की पिवळा चीक येतो आणि फूल पिवळे. शिवाय तो कोरड्यात, मारांडी ओल्यात. तालिमखाना जास्त फसवतो, कारण तोही याच कुळातला, फूलही निळेजांभळे आणि काटेही आहेत. फरक असा की त्याचे काटे पेऱ्याभोवती लांब सुयांसारखे कड्याने येतात, पानांच्या कडेला नसतात, फुलाला दोन्ही ओठ असतात, आणि तो गोड्या पाण्याच्या डबक्यात, भातखाचराच्या कडेला वाढतो. खारजमिनीत तर मजा येते. बांधाच्या आतल्या अंगाला, शेताच्या पाण्यात तालिमखाना. बाहेरच्या अंगाला, खाडीच्या चिखलात मारांडी. मधे बांधाच्या माथ्यावर कुठेतरी वनजाई पसरलेली. तीन पावलांत तीन पत्ते.

आता पत्ता उलटा वाचू. आतापर्यंत जागेवरून झुडूप ओळखले. झुडपावरून जागेचे काय कळते? मारांडीचे तुरळक झुडूप तिवराखाली असेल तर समजावे की इथे सगळे रीतसर चालले आहे. पण खाडीच्या एखाद्या तुकड्यावर तिवर नाही, चिप्पी नाही, आणि नुसती मारांडी एकरभर माजली आहे, बरोबरीला मोठ्या पानांचा खारातला नेचा, असे दिसले तर तिथे पूर्वी काय होते हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. बहुतेक वेळा उत्तर मिळते की इथे तिवरे होती, सरपणाला तोडली. किंवा भराव आला आणि पाण्याची वाट बदलली. वरचे छत्र गेले की ऊन चिखलापर्यंत पोचते आणि मारांडी पेऱ्यापेऱ्याने पसरत जागा व्यापते. एकदा जाळी दाट झाली की तिवराचे बी तिच्यात अडकते, पण त्याला उजेड मिळत नाही.

यावरून काही जण ठरवून टाकतात की मारांडी तण आहे, काढून टाकावी आणि रांगेने रोपे लावावीत. या मताशी मी सहमत नाही. तोडलेल्या काठावर पहिल्या पावसाळ्यात चिखल वाहून जायला लागतो तेव्हा तो धरून ठेवायला तिथे हीच असते. तिच्या लोळणाऱ्या खोडांत गाळ अडकतो, त्या गाळात खेकडे बिळे करतात, बिळांतून हवा खाली जाते. जखमेवर धरलेली खपली कुरतडू नये. जिथे पाण्याची वाट मोकळी केली आणि बाजूला बियाणे देणारी तिवरे शिल्लक आहेत, तिथे कडेकडेने तिवर परत येताना दिसते. जिथे वाट बुजलेली आहे, तिथे मारांडी उपटूनही हाती काही लागत नाही.

दुसरी अडचण कायद्याची नसून नजरेची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि 2018 च्या निकालात ती आणखी पक्की केली. खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग, असे त्यात म्हटले आहे. राज्याने 2012 पासून वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्षही काढला. तरी प्रत्यक्ष काठावर, भराव टाकणारा आणि बघणारा या दोघांच्याही लेखी खारफुटी म्हणजे झाड. झुडूप गेले तर ते ‘साफसफाई’त गेले, असे दोघेही मनाशी धरून चालतात. ठाणे खाडी साधारण 26 किलोमीटर लांब आहे, 2022 पासून रामसर स्थळ आहे आणि फ्लेमिंगोंमुळे ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या काठाने लोकलमधून रोज जाणाऱ्या लाखो माणसांना तिवर दिसतो, मारांडी दिसत नाही. ती खिडकीच्या उंचीवर येतच नाही.

बघायचीच असेल तर ऐरोलीचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र मुंबई-ठाण्याच्या माणसाला सोयीचे. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याची पायवाट. कोकणात तर कुठल्याही खाडीचा वरचा टप्पा. वेळ ओहोटीची धरावी. कोळ्यांचा ठोकळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. खाडीत जितके आत जाल तितका उशीर धरायचा. मार्च-एप्रिलमधली चतुर्थी सगळ्यात उत्तम, सकाळी फूल मिळते आणि दुपारी पानावर मीठ.

पावसात गेलात तर परीक्षा अवघड होते. फूल नाही, मीठ धुतलेले, नवी पालवी जोमात आणि तीही ढगाळ उजेडातली, म्हणजे काटे कमी. अशा वेळी पाऊल चिखलात आहे का ते बघा, पाने समोरासमोर आहेत का ते बघा, पेऱ्यावर काट्यांची जोडी शोधा आणि तुऱ्यावर अडकून राहिलेल्या वाळक्या बोंडांच्या फाका शोधा. फाकेच्या आत ते छोटे आकडे अजून शाबूत असतात.